स्तनाच्या कर्करोगाचं ऑपरेशन ठरण्याआधी: कोणती तपासणी, कधी आणि कशासाठी

बायोप्सीचा, म्हणजे गाठीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीचा, रिपोर्ट हातात येतो, त्यात ‘कार्सिनोमा’ म्हणजे कर्करोग असं लिहिलेलं असतं आणि त्या क्षणापासून घरात एकच धोशा सुरू होतो: उद्याच्या उद्या ऑपरेशन उरकून टाका. ही घाई मायेपोटीच असते. पण स्तनाचा कर्करोग सहसा रातोरात हाताबाहेर जात नाही. तपासण्या नीट करून घेण्यात दोन-तीन आठवडे गेले तर बहुतेक वेळा काही बिघडत नाही. अर्धवट माहितीवर केलेल्या ऑपरेशनने मात्र बिघडतं. नको तेवढा स्तन काढला जातो, किंवा कमी काढला गेला म्हणून पुन्हा टेबलावर जावं लागतं.

याच्या उलटही होतं. ‘सगळीच स्कॅन करून टाकू, मनाला रुखरुख नको’ म्हणून एमआरआय, पेट-सीटी (सगळ्या शरीरात रोग शोधणारं स्कॅन), बोन स्कॅन (हाडांचं स्कॅन) अशी रांग लागते. त्यात कुठेतरी एखादा निरुपद्रवी ठिपका सापडतो आणि त्याचा पाठपुरावा करण्यात मूळ उपचार मागे पडतो. म्हणून कोणतीही तपासणी लिहून दिली की डॉक्टरांना एकच विचारा: याच्या उत्तराने माझ्या उपचारात काय बदलेल? ठोस उत्तर मिळालं तर तपासणी करून घ्या. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच प्रश्नाला धरून आहेत.

पायरी १: सर्जनला काय हवंय ते समजून घ्या

गाठ केवढी आहे? एकच आहे की आणखी कुठे आहे? त्वचेला किंवा छातीच्या भिंतीला चिकटली आहे का? दुसरा स्तन स्वच्छ आहे का? काखेतल्या लसिकाग्रंथींत (लिम्फ नोड) रोग पोचलाय का? या उत्तरांवर तीन निर्णय उभे राहतात: आधी ऑपरेशन की आधी औषधं, स्तन वाचवायचा की पूर्ण काढायचा, आणि काखेत किती हात घालायचा.

आकाराचे टप्पे ठरलेले आहेत. २ सेंटिमीटरपर्यंत टी-१, २ ते ५ टी-२, ५ च्या वर टी-३, आणि त्वचेत किंवा छातीच्या भिंतीत शिरलेली गाठ टी-४. रिपोर्टमध्ये हे दिसलं की घाबरू नका, ती फक्त मोजपट्टी आहे.

स्तन वाचवण्याबद्दल एक गैरसमज अजून घट्ट रुतून बसलाय: ‘पूर्ण काढला म्हणजे जास्त सुरक्षित’. इटलीत उंबेर्तो वेरोनेसी आणि अमेरिकेत बर्नार्ड फिशर यांनी १९७० च्या दशकात सुरू केलेल्या दोन मोठ्या अभ्यासांचे २० वर्षांचे निष्कर्ष २००२ मध्ये प्रसिद्ध झाले. स्तन राखून रेडिएशन घेतलेल्या आणि पूर्ण स्तन काढलेल्या स्त्रियांच्या आयुर्मानात फरक आढळला नाही. त्यामुळे ‘वाचवता येईल का’ हा दिखाव्याचा प्रश्न नाही, उपचारातला खरा पर्याय आहे. तो खुला आहे की नाही हे बऱ्याच अंशी स्कॅनच सांगतात.

पायरी २: दोन्ही स्तनांची मॅमोग्राफी

गाठ हाताला लागतेय, सोनोग्राफीत दिसतेय, मग मॅमोग्राफी कशाला? आणि तीही दोन्ही बाजूंची? कारण मॅमोग्राफीत एक गोष्ट अशी दिसते जी सोनोग्राफीत बहुधा निसटते: कॅल्शियमचे सूक्ष्म कण. मिठाच्या बारीक दाण्यांसारखे ते पांढरे ठिपके बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात. पण एका नळीच्या रेषेत ओळीने लागलेले, वेड्यावाकड्या आकाराचे कण दिसले तर दूधनलिकांच्या आत रोग पसरलाय अशी शंका येते. त्याला डीसीआयएस म्हणतात. हाताला लागणारी गाठ दीड सेंटिमीटरची आणि तिच्यापासून स्तनाग्राकडे गेलेला कणांचा पट्टा सहा सेंटिमीटरचा, असंही असतं. फक्त गाठ मोजून ऑपरेशन केलं तर तो पट्टा आत राहतो. असे कण दिसले की त्या भागाचा मोठा करून घेतलेला फोटो मागितला जातो. पुन्हा बोलावलं म्हणून धसका घेऊ नका.

स्तनांची शस्त्रक्रिया आणि एक्स-रे यांची सोयरीक जुनी आहे. १९१३ साली बर्लिनमधले सर्जन आल्बर्ट सालोमोन यांनी काढलेल्या स्तनांचे सुमारे ३,००० एक्स-रे घेऊन रोग आत कसा पसरतो ते तपासलं होतं. सर्जनला चाकू लावण्याआधी आतला नकाशा हवा असतो, ही गरज तेव्हापासूनची.

तपासणीच्या दिवशी डिओडरंट, पावडर, क्रीम लावू नका. त्यातले धातूचे अंश फोटोत कॅल्शियमच्या कणांसारखे दिसतात. स्तन दोन पट्ट्यांत काही सेकंद दाबला जातो. दुखतं, पण लवकर संपतं, आणि त्या दाबामुळे रोग पसरत नाही. आधीच्या मॅमोग्राफी असतील तर सोबत न्या. दोन वर्षांपूर्वी तिथे काय होतं हे कळलं की रेडिओलॉजिस्टचं अर्धं काम होतं.

रिपोर्टात ‘बाय-रॅड्स’ असा आकडा असतो. तो ० ते ६ असतो. शून्य म्हणजे माहिती अपुरी, आणखी फोटो हवेत. ४ आणि ५ म्हणजे बायोप्सी करा. बायोप्सीत कर्करोग सिद्ध झालेल्या गाठीला ६ देतात, म्हणजे ‘सगळ्यात वाईट’ असा त्याचा अर्थ नाही. त्याच रिपोर्टात स्तनाची घनता ए, बी, सी, डी अशी दिलेली असते. सी किंवा डी असेल तर ते लक्षात ठेवा. घन ऊतीही पांढऱ्या आणि गाठही पांढरी, त्यामुळे अशा स्तनात मॅमोग्राफीची नजर अधू होते. पातळ थरांत फोटो घेणारी टोमोसिंथेसिस पद्धत उपलब्ध असेल तर तिथे ती कामाला येते.

पायरी ३: सोनोग्राफी, स्तनाची आणि काखेचीही

‘काखेचीही’ हे मुद्दाम लिहिलंय. चिठ्ठीवर फक्त ‘स्तनाची सोनोग्राफी’ असेल तर विचारून घ्या.

काखेतली निरोगी लसिकाग्रंथी सोनोग्राफीत चवळीच्या आकाराची दिसते: मधोमध चरबीचा पांढरा भाग, बाहेरून पातळ काळसर किनार. ती किनार ३ मिलिमीटरपेक्षा जाड झाली, एका बाजूने फुगली किंवा मधला पांढरा भाग नाहीसा झाला, तर तिथे सुई घालून नमुना घेतला जातो. सुईत रोग सापडला तर औषधं आधी द्यायची का, याचा विचार सुरू होतो.

आणि काखेत काहीच संशयास्पद दिसलं नाही तर? तेव्हा ऑपरेशनमध्ये फक्त पहिल्या एक-दोन ग्रंथी, म्हणजे सेंटिनल नोड, काढून तपासतात. अलीकडे त्याच्याही पुढे गेलंय. २०२३ मध्ये ‘साउंड’ या अभ्यासाचे निष्कर्ष आले. गाठ २ सेंटिमीटरपर्यंतची आणि काखेची सोनोग्राफी स्वच्छ असलेल्या स्त्रियांत, सेंटिनल नोड न काढताही पाच वर्षांत दूरवर रोग पसरण्याचं प्रमाण वाढलं नाही. यातल्या बहुतेक स्त्रिया मासिक पाळी थांबलेल्या आणि हॉर्मोनला प्रतिसाद देणाऱ्या गाठीच्या होत्या, म्हणून हे सगळ्यांना सरसकट लागू नाही. पण काखेत कमी शस्त्रक्रिया म्हणजे हाताला सूज येण्याचा, खांदा आखडण्याचा त्रास कमी. एवढा मोठा फायदा एका नीट केलेल्या सोनोग्राफीवर अवलंबून असतो. म्हणून ती अनुभवी हातांनी, वेळ देऊन झालेली हवी.

रिपोर्टातली एक ओळ स्वतः वाचून बघा. ‘उजवा स्तन, १० वाजता, स्तनाग्रापासून ४ सेंमी, १८ × १४ मिमी’ अशी ती असते. तुमच्याकडे बघणाऱ्याने स्तनावर घड्याळाची तबकडी ठेवली असं समजून ही जागा सांगितली जाते. मॅमोग्राफीतली जागा, सोनोग्राफीतली जागा आणि बायोप्सीची जागा एकमेकींशी जुळते का? जुळत नसेल, किंवा एका रिपोर्टात उजवा आणि दुसऱ्यात डावा असेल, तर ऑपरेशनची तारीख घेण्याआधी खुलासा मागा. हे विचारायला डॉक्टर असण्याची गरज नाही.

पायरी ४: बायोप्सी कधी आणि कशी

खरं तर ही पायरी स्कॅननंतरच यायला हवी. सुई आधी टोचली की आत रक्त साकळतं आणि मग गाठ किती, रक्त किती हे ओळखणं अवघड होतं. तुमची बायोप्सी आधीच झाली असेल तर तारीख आणि बाजू रेडिओलॉजिस्टला नक्की सांगा.

माझं ठाम मत एका गोष्टीवर आहे: निदान सुईनेच व्हावं. ‘गाठ काढून टाकू आणि मग तपासू’ हा सल्ला अजूनही दिला जातो. गाठ तशी काढली की कडा मोकळ्या राहिल्या का, म्हणजे काढलेल्या तुकड्याच्या कडेपर्यंत रोग नाही ना, ते कळत नाही, औषधं आधी देण्याची संधी जाते आणि एकाऐवजी दोन ऑपरेशनं होतात. जाड सुईच्या बायोप्सीतून गाठीचा प्रकार, ईआर व पीआर (गाठ हॉर्मोनला प्रतिसाद देते का) आणि हर-२ (गाठ वाढवणारं एक प्रथिन) हे सगळं कळतं. नेमकी हीच माहिती आधी औषधं की आधी ऑपरेशन हे ठरवताना लागते.

पायरी ५: एमआरआय सगळ्यांना हवाच का?

नाही. आणि इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो.

स्तनाचा एमआरआय फार तीक्ष्ण तपासणी आहे. नेहमीच्या तपासण्यांत न दिसलेला रोग त्याच स्तनात आणखी कुठेतरी असल्याचं एमआरआयने सुमारे १६ टक्के स्त्रियांत दाखवलं, असं २००८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र करून काढलेल्या निष्कर्षात दिसतं. ऐकून वाटतं, मग सगळ्यांचाच करा. पण त्याच आकडेवारीत, एमआरआयने बोट दाखवलेल्या दर तीन जागांपैकी साधारण एक जागा कर्करोगाची नव्हतीच. ब्रिटनमधल्या ‘कॉमिस’ या १,६२३ स्त्रियांच्या अभ्यासात (२०१०) ऑपरेशनआधी निम्म्या जणींचा एमआरआय केला, निम्म्यांचा केला नाही. पुन्हा ऑपरेशन करावं लागण्याचं प्रमाण दोन्ही गटांत सारखंच राहिलं, १९ टक्के. म्हणजे जास्त दिसलं, पण त्यामुळे सरसकट सगळ्यांचं जास्त भलं झालं असं नाही.

मग कोणाला उपयोग होतो? बायोप्सीत ‘लोब्युलर’ प्रकार आला असेल तर. या प्रकारात पेशी एकामागे एक रांगेत पसरतात, घट्ट गोळा बनत नाही, त्यामुळे मॅमोग्राफीत आकार हमखास कमी दिसतो. स्तन फार घन असेल आणि हाताला लागणारा आकार, मॅमोग्राफी व सोनोग्राफी यांचा मेळ बसत नसेल तर. काखेत रोग सापडला पण स्तनात गाठच दिसत नसेल तर. बीआरसीए या, स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढवणाऱ्या जनुकात दोष असेल तर. स्तनाग्रावर पॅजेटचा आजार (स्तनाग्राच्या त्वचेत दिसणारा कर्करोग) असेल आणि मॅमोग्राफी कोरी असेल तर. आणि आधी केमो द्यायची असेल तर, आकार किती कमी झाला ते पाहायला. यांपैकी काहीच नसेल, गाठ लहान, एकच आणि सगळ्या तपासण्यांत सारखी दिसणारी असेल, तर एमआरआय नाही केला म्हणून काही राहून गेलं असं समजू नका.

तपासणी अशी होते. शिरेत सुई लावतात, तिच्यातून गॅडोलिनियम नावाचं कॉन्ट्रास्ट, म्हणजे गाठ उठून दिसावी म्हणून द्यायचं औषध, दिलं जातं. तुम्ही पालथ्या झोपता, स्तन दोन पोकळ खाचांत खाली लोंबतात, हात डोक्यापुढे. साधारण अर्धा तास हलायचं नाही. आवाज खूप असतो, कानात बोळे देतात. पालथं झोपल्यामुळे छातीवर दाब येऊन श्वास अडल्यासारखा वाटतो, तेव्हा सुरुवातीलाच अंग नीट जुळवून घ्या, मध्ये हललात तर फोटो बिघडतात. बंद जागेची भीती वाटत असेल, पेसमेकर, मेंदूत क्लिप किंवा शरीरात इतर धातू असेल, किडनीचा त्रास असेल, गरोदर असाल, तर आधी सांगा. पाळी येत असेल तर पाळीच्या ७ व्या ते १४ व्या दिवसात फोटो सर्वांत स्वच्छ येतात. पण कर्करोगाचं निदान झालेलं असताना फक्त त्यासाठी उपचार लांबवत नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. एमआरआयमध्ये नवीन ठिपका दिसला म्हणून स्तन वाचवायचा बेत लगेच रद्द करू नका. आधी त्या जागेची पुन्हा सोनोग्राफी, तिथे दिसला तर सुईने बायोप्सी, नाही दिसला तर एमआरआयच्या मदतीने बायोप्सी. ‘एमआरआयमध्ये आणखी एक जागा आलीय, आता पूर्णच काढू’ असं कोणी म्हणालं तर शांतपणे विचारा: ‘डॉक्टर, त्या जागेची बायोप्सी झाली का?’

एमआरआय जमत नसेल तर कॉन्ट्रास्ट मॅमोग्राफी हा चांगला पर्याय आहे. त्यात आयोडीनचं इंजेक्शन देऊन मॅमोग्राफी करतात. आयोडीनची ॲलर्जी आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्ततपासणीतला आकडा), दोन्ही आधी सांगा.

पायरी ६: उरलेलं शरीर

लहान गाठ, काख स्वच्छ, हाडं दुखत नाहीत, खोकला नाही, रक्ताच्या तपासण्या ठीक, तर पेट-सीटी आणि बोन स्कॅनची गरज सहसा नसते. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्येच हे स्पष्ट सांगितलं होतं. गाठ मोठी असेल, त्वचेत शिरली असेल, काखेत बऱ्याच ग्रंथी असतील किंवा काही लक्षण असेल तर मात्र या तपासण्या ऑपरेशनआधी व्हायलाच हव्यात, कारण दूरवर रोग निघाला तर सगळी योजनाच बदलते. पेट-सीटीला चार ते सहा तास उपाशी राहावं लागतं. मधुमेह असेल तर गोळ्या आणि इन्सुलिनचं काय करायचं ते आदल्या दिवशीच विचारून ठेवा.

पायरी ७: औषधं आधी असतील तर खूण लावून घ्या

ट्रिपल निगेटिव्ह (ईआर, पीआर, हर-२ तिन्ही नसलेली) किंवा हर-२ पॉझिटिव्ह गाठ थोडी मोठी असेल, किंवा काखेत रोग असेल, तर अनेकदा केमो आधी देतात. काही जणींची गाठ इतकी विरघळते की स्कॅनमध्ये दिसेनाशी होते. आनंदाचीच गोष्ट, पण सर्जन आता कापणार कुठे? गाठ दिसत नाही याचा अर्थ पेशी उरल्या नाहीत असा होत नाही, ती जागा काढून तपासावीच लागते.

म्हणून केमो सुरू होण्याआधी गाठीच्या मधोमध धातूची बारीक क्लिप सोडतात. काखेत रोग सापडलेली ग्रंथी असेल तर तिच्यातही. सुईतून, जागा बधिर करून, काही मिनिटांत हे होतं. पहिल्या केमोची तारीख मिळाली आणि क्लिपचा विषयच निघाला नाही, तर तुम्ही काढा. मागाहून ही चूक सुधारणं फार कठीण असतं.

केमोनंतरचं स्कॅन आधीच्याच प्रकारचं असावं, तरच तुलना होते. आणि एक बारकावा: केमोने गाठ मेली तरी कॅल्शियमचे कण जागेवरच राहू शकतात. म्हणून औषधाचा गुण आला नाही असं नाही, पण संशयास्पद कणांचा सगळा भाग ऑपरेशनमध्ये काढावा लागतो.

पायरी ८: सगळे फोटो एकत्र मांडून निर्णय

सर्जन, रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट, केमो आणि रेडिएशनचे डॉक्टर एकत्र बसून केस पाहतात, त्याला ट्यूमर बोर्ड म्हणतात. तुमच्या रुग्णालयात तो होत असेल तर आपली केस तिथे मांडा असं सांगा. नसेल होत, तर निदान सर्जनने फोटो स्वतः पाहिले आहेत ना एवढी खात्री करा. सीडी सोबत ठेवा, नुसता कागद पुरत नाही.

आकारात फरक दिसेल. मॅमोग्राफी २२ मिलिमीटर म्हणेल, सोनोग्राफी १८, एमआरआय २६. हे नेहमीचं आहे. विचारायचं ते असं: यातला कोणता आकडा धरून तुम्ही ऑपरेशन आखताय आणि का? गाठीच्या मानाने स्तन केवढा आहे, यावरही वाचवण्याचा निर्णय ठरतो. ३ सेंटिमीटरची गाठ एका स्त्रीमध्ये सहज काढता येते, दुसरीत स्तनाचा आकारच उरत नाही. तिथे आजूबाजूच्या ऊती सरकवून आकार जुळवणारी ऑन्कोप्लास्टिक पद्धत करता येईल का ते विचारा. एकाच स्तनात दोन जागी गाठी आहेत म्हणून तो वाचणारच नाही, असाही आता नियम राहिलेला नाही.

पायरी ९: ऑपरेशनचा दिवस

हाताला न लागणारी गाठ किंवा फक्त कण असतील तर त्याच दिवशी सकाळी रेडिओलॉजी विभागात नेतात. जागा बधिर करून, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफीत बघत, टोकाला हुक असलेली बारीक तार गाठीच्या आरपार नेऊन ठेवतात. बाहेर राहिलेलं टोक चिकटपट्टीने स्तनावर चिकटवतात. कपडे बदलताना ते ओढलं जाणार नाही एवढं सांभाळा. काही ठिकाणी तारेऐवजी चुंबकीय किंवा किरणोत्सारी बी आधीच्या दिवसांत बसवतात.

काखेतली सेंटिनल ग्रंथी शोधायला टेक्नेशियम (किरणोत्सारी द्रव्य), निळा रंग किंवा इंडोसायनीन ग्रीन (खास कॅमेऱ्यात चमकणारा रंग) वापरतात. निळा रंग वापरला तर एक-दोन दिवस लघवी निळसर-हिरवी होते. घाबरायचं कारण नाही.

सर्जनने काढलेला तुकडा तुम्ही भुलीत असतानाच एक्स-रे खाली जातो. त्याच्या बाजू ओळखायला टाके किंवा क्लिपा लावलेल्या असतात. रेडिओलॉजिस्ट पाहतो: तार आहे, क्लिप आहे, कण आहेत, आणि कण कडेपासून किती आत आहेत. एखाद्या कडेला कण टेकलेले दिसले तर लगेच फोन जातो आणि सर्जन त्याच बाजूचा आणखी एक थर काढतो. या पाच मिनिटांमुळे दुसरं ऑपरेशन टळू शकतं. तुमच्याकडे हा एक्स-रे होणार आहे का, हे आधीच विचारून ठेवा.

कडा खरोखर मोकळ्या आहेत का ते मात्र पॅथॉलॉजीच सांगते. दूधनलिकेबाहेर शिरलेल्या कर्करोगात, तुकड्याच्या शाई लावून ठेवलेल्या बाहेरच्या कडेवर कर्करोगाच्या पेशी नसणं पुरेसं मानतात, फक्त डीसीआयएस असेल तर साधारण २ मिलिमीटरचं अंतर लागतं. सेंटिनल ग्रंथींपैकी एक-दोनमध्ये रोग निघाला, गाठ ५ सेंटिमीटरच्या आत होती, स्तन राखला आणि पूर्ण स्तनाला रेडिएशन मिळणार असेल, तर काखेतल्या बाकी ग्रंथी काढल्या नाहीत तरी चालतं, हे ‘झेड-११’ या अभ्यासाने दाखवलंय. आधी केमो घेतलेल्यांना हा निष्कर्ष लागू होत नाही.

ऑपरेशनआधीच्या सीडी जपून ठेवा. रेडिएशन संपल्यावर साधारण सहा महिन्यांनंतर पहिली मॅमोग्राफी होते. तोवर व्रणामुळे आणि रेडिएशनमुळे स्तनाचं आतलं चित्र बदललेलं असतं, आणि बदल कुठला जुना, कुठला नवा हे जुन्या फोटोंशी ताडूनच कळतं.